बेटावरचे रविवार

यंदा भाद्रपद निम्मा सरला तरी झड थांबलेली नाही. आमच्या अकोल्याला असं सहसा होत नाही. काल कपाट आवरताना यांचा जुना कातडी पट्टा हाती लागला, तर त्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पट्टा तेवढा मी ठेवलाय. बोटानं बुरशी पुसली आणि नकळत बोट नाकाशी नेलं. ओल्या कातड्याचा कोंदट, किंचित गोडसर वास. त्या वासासरशी पत्र्यावर कोसळणारा पाऊस कानात सुरू झाला, आणि मी एकोणीस वर्षांची होऊन पोलादपूरच्या त्या टेकाडावर उभी राहिले. चहूकडं पाणी, आणि मी मध्ये.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. आमच्याकडचे बरेच नोकरदार तेव्हा बदलून कोकणात गेले, त्यात हेही होते, रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. वैशाखात लग्न झालं आणि मृग लागायच्या आत मी कुलाबा जिल्ह्यात पोचले. माझ्या डोळ्यांना सपाट काळ्या रानाची सवय. कुठंही उभं राहिलं तरी जमीन आणि आभाळ जिथं टेकतात ती रेघ दिसायची. इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर. मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नसे, आणि पाऊस लागल्यावर मान वर करूनही दिसेना.

गावाबाहेर सावित्री वळते तिथं एका टेकाडावर कामावरच्या लोकांसाठी पत्र्याची घरं बांधली होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि भोवती भातखाचरं. ओढ्यावर लाकडी साकव होता. बाजाराला जायचं, एस.टी. धरायची, तर तेवढी एकच वाट. आषाढात ओढा फुगला की साकवावरून पाणी जायचं आणि आमचं टेकाड जगापासून सुटायचं. गावची माणसं त्याला ‘बेट’च म्हणायची. आम्ही बेटावरची माणसं. कुणी पुण्याचे, कुणी धारवाडकडचे, कुणी खानदेशातले. पोलादपूरचं कुणीच नाही. आमच्यातल्या कुणालाही विचारलं, की ‘तुम्ही कुठले?’ तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं नाव सांगायचा आणि सांगताना जरा थांबायचा.

आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. लोक त्याची वाट बघतात. इथं तो येऊन राहिला होता. उशी ओली, मीठ ओलं, काड्यापेटी ओली. पितळेच्या डब्यातली डाळसुद्धा हाताला गार आणि चिकट लागायची. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर साड्या वाळवायच्या, म्हणजे अंगावर सतत धुराचा वास. घरात दोन खोल्या. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेलं की फिरून झालं. हे सकाळी बरसाती चढवून दरड कोसळलेल्या ठिकाणी जात, संध्याकाळी चिखलानं भरून येत, गरम पाणी मागत, जेवत आणि निजत. वाईट बोलत नसत. बोलतच नसत. ऑफिसात हसू होऊ नये म्हणून त्यांनी आपली वऱ्हाडी बोली घासूनपुसून टाकली होती, आणि तिच्याबरोबर बाकीचं बोलणंही गेलं असावं, असं मला वाटे. भिंतीला टेकून मी दिवसभर पावसाचा आवाज ऐकत असे. कधी वाटे, मीच पत्र्याची झाले आहे.

दुपारी दीक्षितवहिनींकडं बायका जमत. वहिनी पुण्याच्या, इंजिनीयर साहेबांच्या पत्नी, बेटावर त्यांचा शब्द मोठा. चातुर्मासाच्या वाती वळायच्या म्हणून त्यांनी कापूस मागवला होता. मी कापसाच्या मुलखातली. तो पिवळट, ओला, दाबून दाबून गोळा झालेला कापूस हातात घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अवं माय! हा कापूस हाये का मेलेलं मांजर?”

 मग असा हशा उठला की वहिनींच्या मांडीवरचं तबक घरंगळलं. मला कळेना काय झालं. कान तापले. मी रडवेली होऊन म्हटलं, “हासता कायले? मले खरंच वाटलं!” त्यावर त्या आणखी हसल्या. खानदेशातल्या पाटीलबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, “सुमन, आणखी बोल ना गं. काहीही बोल.”

घरी येऊन मी खूप रडले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज वाटतं, त्या दोन खोल्यांत मी इतके दिवस कुणाला ऐकूच येत नव्हते. तिथं निदान माझा आवाज कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळला होता.

पुढच्या दुपारी मी पावसाला पाहुणा केलं. दाराकडं तोंड करून, पदर सावरून, आमच्याकडच्या बायका पाहुण्याशी बोलतात तसं बोलायला लागले. “या भाऊजी, बसा. कोन्या गावाहून आले? समुद्राकडून? बरं बरं. जाता कवा? नाई, सहज इचारलं. राहा ना. मांगच्या हप्त्यातबी सहजच इचारलं होतं. तुमचं आंथरून कुठी टाकू? घरातलं तं समदं तुमीच वलं करून ठेवलं!” बायका हसून हसून आडव्या झाल्या. मी मात्र हसले नाही. न हसता बोललं की हशा दुप्पट होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आतूनच उमगलं.

ही बातमी अण्णांपर्यंत पोचली. अण्णा म्हणजे गोदाम सांभाळणारे धारवाडकडचे गृहस्थ. जाडजूड, एकटे, सोबतीला एक पेटी. त्यांच्या मराठीत बाई ‘आला’ आणि पुरुष ‘आली’. सिमेंटच्या गोदामात रविवारी दुपारी ते पेटी वाजवत आणि पुरुष मंडळी पत्ते खेळत. अण्णा आमच्या दारात येऊन यांना म्हणाले, “ओव्हरसियर साहेब, तुमची मंडळी फार छान बोलतो म्हणे. रविवारी गोदामात सगळी बेट जमवू या. माणसं वेडी होऊन राहिली पावसात. थोडं हसू देत.”

यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. “तिची इच्छा असेल तर,” एवढंच हे बोलले.

मग श्रावणातले ते रविवार. सिमेंटच्या पोत्यांवर फळ्या टाकून बसायची सोय, मध्ये मोकळी जागा, ती माझी. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की मोठी सर आली की माझं बोलणं कुणालाच ऐकू जात नसे. सुरुवातीला मी ओरडून बोलायची. मग युक्ती सापडली. सर आली की तोंड मिटून उभं राहायचं, हातावर हात, एखाद्या कंटाळलेल्या सुनेसारखं. ती ओसरली की नेमकं उरलेलं वाक्य टाकायचं. लोक त्या थांबण्यालाच हसू लागले. थांबायचं किती आणि बोलायचं केव्हा, हे मला पावसानं शिकवलं.

मी दीक्षितवहिनींचं तांदूळ निवडणं केलं. अण्णांचं पेटी पुसणं केलं. टोपलीवर वाळणाऱ्या साडीचं आणि शेगडीचं भांडण केलं. बेटावर आलेली नवी नवरी दिवसभर कुणाशी बोलते, तर भिंतीवरच्या पालीशी, हेही केलं. “तुयाबी मालक बोलत नाई का व? घरोघरी तेच!” त्यावर पुरुष मंडळी मागं वळून यांच्याकडं बघत आणि हसत. हे शेवटच्या फळीवर, दाराजवळ, बरसाती मांडीवर घेऊन बसलेले असत. हसत नसत. एकदाही नाही. सगळं गोदाम हलत असताना तो एकच चेहरा स्थिर. मला त्याचा राग यायचा. हळूहळू मी फक्त त्या चेहऱ्यासाठी खेळ करू लागले. ह्या रविवारी यांना हसवीनच. दुसऱ्या कुणाकडं मी बघतच नसे.

घरी आल्यावर विचारावं, “कसं झालं?” तर म्हणत, “लोकांना आवडलं.” झालं.

हल्ली नातेवाइकांकडं गेलं की टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागलेले असतात. समोर बसलेले लोक टाळ्या पिटून हसत असतात. घरातली पोरं मला विचारतात, “आजी, तुम्ही का नाही हसत?” कसं सांगू, मी त्या गर्दीत न हसणारं माणूस शोधत असते.

खरा पेच आला तो श्रावण संपता संपता. तोवर बेटावर सगळे मला ‘आमची सुमन’ म्हणू लागले होते. मी नुसती दिसले तरी चेहरे फुलत. एक दिवस दुपारी अगदी सहन होईना. रात्रभर पाऊस, सकाळी चूल पेटली नव्हती, यांच्याशी दोन दिवसांत चार शब्दसुद्धा झाले नव्हते. मी वहिनींच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, “मले इथं राहवत नाई आता. मी मरून जाईन इथं.” अगदी खरं बोलले.  आणि सगळ्या हसल्या. पाटीलबाई म्हणाल्या, “अगं बाई, तो चेहरा बघा!”

मी पुन्हा म्हटलं, “मी चेष्टा नाई करून रायली.” त्या आणखी हसल्या.

त्या वेळी आत जे गार पडलं, ते पावसानं नव्हे. माझ्या बोलीत आता फक्त गंमतच शिल्लक होती. हुंदका दिला तरी तो नकलेतलाच वाटणार. नदी होती, ओढा होता, डोंगर होते, आणि आता माझं स्वतःचं तोंडही माझ्यावर बंद झालं होतं.

गणपती तोंडावर आले. ओढ्यापलीकडच्या वाडीत घरं सारवून झाली होती, मुंबईकरांची वाट बघणं चालू होतं. आम्हाला दूध घालणारी भागाबाय त्या वाडीतली. माहेर तिचं शिवथरकडचं. उंच, हाडकुळी, तोंडानं फटकळ. नवरा आणि मुलगा मुंबईला गिरणीत. तिला माझी बोली धड समजत नसे आणि मला तिची. त्यामुळं मी काही म्हटलं की ती हसायची नाही, “काय?” म्हणून विचारायची.

एक दिवस हे सकाळीच साकव ओलांडून कशेडी घाटाच्या बाजूला गेले. दरड आली होती. दुपारपर्यंत पाणी चढलं. मी दोन साड्या एका फडक्यात बांधल्या आणि घराबाहेर पडले. ठरवून काही केलं नव्हतं. एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसायचं, गाडी येईल ती महाडची, महाडवरून पुढं, मग रेल्वे, मग आई. एवढंच डोक्यात होतं. घाट बंद आहे, महाडच्या बाजारात पाणी शिरलंय, हे ठाऊक असून ठाऊक नव्हतं.

साकवावरून पाणी चाललं होतं. सुरुवातीला घोट्याएवढं. मग पिंढरीला लागलं. तांबडं, जड, पानं आणि काटक्या घेऊन धावणारं पाणी. मध्यावर आले आणि पायाखालचं लाकूड थरथरतंय हे कळलं. कठड्याच्या बांबूला हात धरला, तर बांबू हलायला लागला. पुढं जाता येईना. मागं वळता येईना. गाठोडं छातीशी धरून मी उभी राहिले आणि पाण्याकडं बघत राहिले. बघता बघता वाटलं, पाणी थांबलंय आणि मीच वाहते आहे.

“ए बाय! पान्याकडं बघू नको! माज्याकडं बघ!”

पलीकडं भागाबाय उभी होती. मुलाची गाडी आली का बघायला ती थांब्याकडं निघाली होती. डोक्यावर इरलं, हातात काठी.

“माज्याकडं बघ गो! आयकतंस ना? आता मागं फिर. बांबू सोडू नको. एक पाय मागं टाक.”

“मले घरी जायचं हाये!” मी ओरडले.

“काय?”

“घरी! मायकडं!”

पाण्याच्या आवाजातून ते तिला ऐकू गेलं असावं.  मग तितक्याच करड्या आवाजात म्हणाली, “जाशील गो. आज नाय. आज रस्ता नाय. मागं फिर. पाय टाक. आनि येक. हां. माज्याकडंच बघ.”

तिच्या चेहऱ्याकडं बघत, पाठमोरी, मी एकेक पाऊल मागं सरकले आणि ज्या टेकाडावरून पळाले होते त्याच टेकाडाच्या चिखलात येऊन बसले. वाचले ते असं, मागल्या पावली. पलीकडून तिनं हात उंचावला, मी घराकडं वळेपर्यंत ती इरल्याखाली तशीच उभी होती.

वर येताना दीक्षितवहिनी भेटल्या. माझ्या कमरेपर्यंत चिखल, हातात ठिबकणारं गाठोडं. “अगं, हे काय?” त्यांनी विचारलं. आणि मी सांगायला लागले. सांगता सांगता माझा मलाच सूर ऐकू आला. तोच, गोदामातला. “म्या म्हटलं, नदीबाई, जरा सरका, मले माहेरी जायचं हाये. ते म्हने, मीबी तिकडंच चालली, बस माह्या पाठीवर!” मला थांबताच येईना. दुसरा सूरच उरला नव्हता. वहिनी हसून वाकल्या. म्हणाल्या, “रविवारी हे हवंच हं, सुमन!”

संध्याकाळी पाणी उतरल्यावर हे आले. शेगडीवरच्या साड्यांकडं बघून म्हणाले, “कपडे ओले कसे?”

“पाऊस,” मी म्हटलं.

रविवारी गोदाम गच्च भरलं. वहिनींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी दोन फळ्या जमिनीवर टाकून साकव केला. उशीच्या खोळीचं गाठोडं केलं. पहिल्या पावलाला हशा. दुसऱ्या पावलाला आणखी. साडी वर खोचली, नदीबाईशी बोलले, डगमगले. पलीकडं भागाबाय उभी आहे, ती मला विचारते “काय?” आणि मी तिला विचारते “काय?”, असं केलं. पाटीलबाईंचं छोटं लेकरू हसून हसून उचक्या देऊ लागलं. आणि मध्यावर आल्यावर मी थांबले. पाणी पिंढरीला लागलेलं, बांबू हललेला, सगळं पुन्हा समोर आलं. तोंड उघडलं, पण शब्द येईनात. लोकांना वाटलं, हे माझं नेहमीचं थांबणं. ते वाट बघत हसत राहिले.

शेवटच्या फळीवरून हे उठले.

“बस करा आता,” हे म्हणाले. पहिल्यांदा, इतक्या लोकांत, आपल्या बोलीत. “माही बायको खरं सांगून रायली. हासून काय रायले तुमी?”

आणि गोदाम फुटलं. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. नवराबायकोनं मिळून रचलेला. ती बोली कानावर आली की हसायचं, एवढंच त्यांना आता ठाऊक होतं. अण्णांनी तर टाळी वाजवली. हे तसेच उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला, बरसाती हातातून खाली गळलेली. मी त्यांच्याकडं बघत होते. या माणसाला आता कसं वाटतंय, ते त्या सबंध बेटावर फक्त मला कळत होतं.

हळूहळू पुढच्या ओळीतलं हसू ओसरलं. मग मागचं. मग नुसता पाऊस. दीक्षितसाहेब खाकरले. अण्णांनी पेटीचा भाता हलकेच मिटला. एकेक माणूस मान खाली घालून उठला.

घरी येईस्तोवर माझ्या अंगाची आग झाली होती. “माहा खेळ मोडला तुमी,” मी म्हटलं. “मले इथं तेवढंच एक होतं. तेबी मोडलं.”

“तू पाण्यात उतरली होतीस?”

“तुमाले काय त्याचं?”

“सुमन, तू पाण्यात उतरली होतीस?”

 ते खाली जमिनीवरच बसले. ओल्या फरशीवर. म्हणाले, “माह्या घरात काय चालू हाये, हे मले दर रविवारी गोदामात कळते. पालीशी बोलतेस, ते तिथंच कळलं. चूल पेटत नाही, तेबी तिथंच. लोक हासत, मी आयकत बसे. घरी येऊन इचारावं वाटे, पण इचारू काय? काम सोडून जाता येत नाही. तुले पाठवावं तं रस्ता नाही. म्या काई इचारलं असतं अन् तू रडली असती, तं मी काय केलं असतं?”

“बसले असते ना जवळ,” मी म्हटलं. “आता बसले तसे.”

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो, रडलो आणि पहिल्यांदा बोललो. त्यांनाही रात्री झोप नसे. दरडीखाली उभं राहिलं की त्यांना भीती वाटे. ऑफिसात शब्द उच्चारण्याआधी ते मनात दोनदा म्हणून बघत, आणि संध्याकाळपर्यंत इतके दमत की घरी बोलायला उरतच नसे काही. मला वाटत होतं, बेटावर मी एकटीच अडकले आहे. माझ्याच खोलीत, हातभर अंतरावर, दुसरा माणूस अडकलेला होता.

दुसऱ्या दिवशी दीक्षितवहिनी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. नेहमीचा रुबाब नव्हता. म्हणाल्या, “मी आठ वर्षं अशा कॅम्पातूनच हिंडतेय, सुमन. मागं एका ठिकाणी मीही अशीच पिशवी भरून निघाले होते. तिथं नदी नव्हती, म्हणून कोसभर गेले आणि परत आले. कुणाला सांगितलं नाही.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तू ते करून दाखवत होतीस ना, तेव्हा आम्ही तुला हसत नव्हतो गं. म्हणजे... मी तरी नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं.”

 त्यांचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. त्यानंतरचा रविवार रिकामा गेला. पुढच्या रविवारी अण्णांची पेटी वाजली. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले आणि अण्णांचीच नक्कल केली, त्यांच्या मागणीवरून. लोक हसले, जरा जपून, मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडं बघून. तसं बघितलेलं मला चालणार होतं.

भागाबायचा मुलगा गणपतीच्या आदल्या दिवशी महाडहून चालत आला, खांद्यावर ट्रंक घेऊन. तिनं मला बोलावून त्याला दाखवलं, जणू काही मीच त्याची वाट बघत होते. “ह्यो बघ माजा,” ती म्हणाली. “जाशील म्हनलं व्हतं ना? आता तुजी पाळी.”

पाऊस मात्र लगेच गेला नाही. तो त्याच्या वेळेनंच गेला, हस्त कोसळून झाल्यावर. त्या उरलेल्या दिवसांत बेट बेटच होतं. साड्या शेगडीवरच वाळत होत्या. मला अजूनही कोंडल्यासारखं होई, पहाटे छातीवर कुणी बसल्यासारखं. फरक एवढाच, की संध्याकाळी हे आले की बरसाती काढता काढता म्हणत, “सांग.” आणि मी सांगत असे. कधी गमतीत, कधी नाही. कुठलं कुठलं, ते त्यांना बरोबर कळे.

नवरात्रात यांना रजा मिळाली. साकवावरून आम्ही कोरड्या पायांनी गेलो. खाचरांत भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं पडायला लागलं होतं. एस.टी.च्या खिडकीतून मी मागं वळून टेकाडाकडं बघितलं. ते टेकाड वाटेचना. कुणीही चालत जावं, बसावं, उठून यावं, असं साधं हिरवं उंचवट्याचं रान.

माहेरच्या ओसरीवर त्या संध्याकाळी सगळं घर जमलं. माझी आई, काकू, शेजारच्या बाया. ऊन, हो, चक्क ऊन होतं, भिंतीवरून उतरत चाललेलं. काकू यांना म्हणाली, “काहो जावई, कोकण कसं हाये?” मी पदर सावरला. मला वाटलं, आता मलाच सांगावं लागणार. पण हे खाकरले आणि सांगायला लागले. रस्त्यावरचा रोलर चिखलात कसा फसला, त्याची हकिगत. सुरुवात केली ती अशी, “तं तो रोलर निघाला शेवटी. म्हंजे आधी फसला होता.” मग आठवून म्हणाले, “त्याच्याबी आधी मुकादम आला होता.” मग मुकादमाचं गाव कोणतं, हे आठवेना म्हणून थांबले. काकू गंभीरपणे ऐकत होती. आईनं विचारलं, “कोनाले लागलं तं नाई ना?” ओसरीवर कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तरीही ते त्या रोलरला हातवाऱ्यांनी ओढून बाहेर काढत होते, इतक्या माणसांत, आपल्या बोलीत.

मला हसू फुटलं. आधी पदराआड, मग पदर तोंडावरून सुटला, मग भिंतीला टेकावं लागलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. हेही थांबले. माझ्याकडं बघून त्यांचेही ओठ हलले, पण त्यांनी तोंड पुन्हा गंभीर केलं.

“थांब ना व,” हे म्हणाले, “गंमत तं अजून यायचीच हाये.”